उंदराचे आतडे आणि कुपोषणाचे गणित

दारिद्र्यरेषेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला २४०० आणि २१०० हे दोन आकडे पाठ असतात. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यदलाने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज २४०० व शहरी भागासाठी २१०० उष्मांक ही आहाराची किमान पातळी धरली आणि ज्या खर्चाच्या पातळीवर तेवढा आहार मिळतो ती दारिद्र्याची रेषा मानली. त्यापूर्वी १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी आपल्या गाजलेल्या अभ्यासात २२५० उष्मांकांचा आधार घेतला होता. आकडे बदलले, रेषा वरखाली झाल्या. परंतु या सर्व मांडणीमागे एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती. ताटात पडलेले उष्मांक शरीराच्या कामी येतातच, हे ते गृहीत. प्रस्तुत लेखकानेही वर्गात फळ्यावर अनेक वर्षे हेच समीकरण मांडले.

या गृहीताला सर्वांत ठाम शह मिळाला तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कोष्टकांतून नव्हे. तो मिळाला प्लॅस्टिकच्या बंद पेटीत वाढलेल्या, जेमतेम २०-३० ग्रॅम वजनाच्या प्रयोगशाळेतील उंदरांकडून आणि त्यांच्या आतड्यांत वस्ती करणाऱ्या जीवाणूंकडून. (मराठीत ‘उंदीर’ हा शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. येथे मुख्यतः लहान जातीच्या उंदराचा विचार केला आहे. मोठ्या जातीचा उल्लेख जेथे येईल तेथे तसे म्हटले आहे.) कुपोषणासारख्या विषयात उंदराचे काय काम, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी प्रथम हा उंदीर कसा घडतो ते पाहावे लागेल.

जंतुमुक्त उंदीर

जीवाणूंशिवाय प्राण्याचे जीवन अशक्य असावे, असे मत लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये व्यक्त केले होते. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये नटाल आणि थीरफेल्डर या संशोधकांनी गिनीपिगची पिल्ले काही दिवस निर्जंतुक अवस्थेत जगवून या मताला पहिला धक्का दिला. जंतुमुक्त प्राण्यांच्या पिढ्या वाढवणे मात्र १९४० च्या दशकात शक्य झाले. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात आणि स्वीडनमधील लुंड येथे प्रथम मोठ्या जातीच्या उंदरांवर हे काम झाले. पद्धत समजण्यास कठीण नाही. गर्भाशयात पिल्लू साधारणपणे निर्जंतुक असते. जन्माच्या वेळी आणि त्यानंतर त्याला आईकडून व परिसरातून जीवाणू मिळतात. म्हणून शस्त्रक्रियेने पिल्ले बाहेर काढून ती थेट निर्जंतुक पेटीत ठेवली जातात. आत जाणारी हवा गाळलेली, खाद्य किरणोत्साराने अथवा उच्च तापमानाच्या वाफेने निर्जंतुक केलेले आणि हाताळणी पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून. एकदा अशी पिढी सिद्ध झाली की पुढची प्रजा पेटीतच वाढते.

हा प्राणी जगतो. पण जीवाणू नसण्याची किंमत त्याला मोजावी लागते. एरवी आतड्यातील जीवाणू पुरवतात ते ‘के’ जीवनसत्त्व त्याच्या खाद्यात मिसळावे लागते. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात तेथील पिशवीसारखा भाग कित्येक पटींनी फुगतो. रोगप्रतिकार यंत्रणा अर्धवट घडलेली राहते.

असा कृत्रिम प्राणी अर्थशास्त्रज्ञाला मात्र हेवा वाटावा इतका उपयुक्त आहे. आपल्या शास्त्रातील जुनी अडचण अशी की गरिबी, निकृष्ट आहार, दूषित पाणी, वारंवार होणारी हगवण आणि आतड्यातील जीवाणूंचे स्वरूप या साऱ्या गोष्टी एकाच घरात एकत्र नांदतात. त्यांतील कारण कोणते आणि परिणाम कोणता हे कोणत्याही पाहणीतून निर्विवादपणे वेगळे काढता येत नाही. जंतुमुक्त उंदराच्या बाबतीत ते करता येते. वंश एक, खाद्य एक, पेटी एक. बदल फक्त जीवाणूंत. किंवा जीवाणू तेच, बदल फक्त खाद्यात.

कमी खाल्ले, तरी मेद वाढला

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २००४ मध्ये नेमका असा प्रयोग प्रसिद्ध केला. सामान्य उंदराच्या आतड्यातील जीवाणू प्रौढ जंतुमुक्त उंदरांना देण्यात आले. १४ दिवसांत त्यांच्या शरीरातील मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला आणि तोही खाद्याचे सेवन कमी झाले असताना. उष्मांकांच्या हिशेबावर वाढलेल्या पिढीने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

याचे स्पष्टीकरण असे. धान्य, डाळी व भाज्यांमधील तंतुमय भागाचे विघटन करणारी बहुसंख्य विकरे उंदराच्या अथवा माणसाच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू तो भाग आंबवून त्यापासून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लहान मेदाम्ले तयार करतात आणि शरीर ती शोषून घेते. म्हणजे जे अन्न वाया गेले असते त्यातून ऊर्जा वसूल होते. याखेरीज शरीरातील मेद साठवण्याच्या प्रक्रियांवरही जीवाणूंचा प्रभाव पडतो, असे याच प्रयोगात दिसले.

२००६ मध्ये याच गटाने पुढचे पाऊल टाकले. आनुवंशिक दोषामुळे लठ्ठ झालेल्या उंदरांचे जीवाणू एका जंतुमुक्त गटाला आणि सडपातळ उंदरांचे जीवाणू दुसऱ्या गटाला देण्यात आले. दोन आठवड्यांत पहिल्या गटाचा मेद सरासरी ४७ टक्क्यांनी, तर दुसऱ्याचा २७ टक्क्यांनी वाढला. अन्नातून ऊर्जा काढून घेण्याची क्षमता जीवाणूंबरोबर एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होऊ शकते, हा याचा अर्थ.

वृत्तपत्रांनी यातून लठ्ठपणावरील उपायाची स्वप्ने रंगवली. भारतासारख्या देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता तो याच्या उलट प्रश्न. पुरेसे खाऊनही मूल वाढत नाही, असे घडू शकते काय?

मलावीतील जुळी मुले

आफ्रिकेतील मलावी या देशात क्वाशिओरकोर हा तीव्र कुपोषणाचा प्रकार आढळतो. यात मुलाच्या अंगावर सूज येते, भूक मंदावते, यकृतात मेद साचतो. एकाच घरात, एकाच आईच्या हातचे जेवण जेवणाऱ्या जुळ्या भावंडांपैकी एकाला हा विकार होतो आणि दुसऱ्याला होत नाही, हे तेथील डॉक्टरांना परिचित होते. गॉर्डन यांच्या गटाने मलावीतील सहकाऱ्यांसह ३१७ जुळ्या जोड्यांचा वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. सुमारे निम्म्या जोड्यांत दोन्ही मुले सुदृढ राहिली. ४३ टक्के जोड्यांत एकच मूल कुपोषित झाले. ७ टक्क्यांत दोन्ही. म्हणजे जेथे कुपोषणाने प्रवेश केला तेथे बहुतेक वेळा तो एकाच मुलाच्या वाट्याला आला. घरातील अन्नाची उपलब्धता एवढ्या एकाच घटकाने हा फरक समजावून सांगता येत नाही.

यानंतर निवडक जोड्यांतील दोन्ही भावंडांच्या विष्ठेतील जीवाणू जंतुमुक्त उंदरांच्या दोन वेगळ्या गटांना देण्यात आले. दोन्ही गटांना मलावीतील गरीब घरांसारखा, मुख्यतः मक्याच्या पिठाचा आहार दिला. कुपोषित मुलाचे जीवाणू ज्यांना मिळाले त्या उंदरांचे वजन लक्षणीय घटले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील खरी मेख पुढे आहे. तेच जीवाणू, परंतु प्रयोगशाळेतील नेहमीचे सकस खाद्य, अशी जोडी लावली तेव्हा हा फरक दिसला नाही. शेंगदाण्यावर आधारित उपचारात्मक आहार दिल्यावर उंदीर सावरले, पण मक्याच्या आहारावर परतताच जीवाणूंमधील सुधारणाही बरीचशी ओसरली. निकृष्ट आहार आणि विशिष्ट जीवाणू हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच हानी झाली.

कॅनडातील ब्रेट फिनले यांच्या गटाने २०१५ मध्ये वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचणारा निष्कर्ष काढला. नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या उंदरांना प्रथिने व मेद कमी असलेले खाद्य देऊन सोबत आतड्यातील ठरावीक जीवाणूंचे मिश्रण पाजले असता त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला सूज आली, त्यातून गळती वाढली आणि वाढ खुंटली. अस्वच्छ परिसरात वाढणाऱ्या मुलांच्या आतड्यांत दिसणाऱ्या विकाराशी हे चित्र जुळते. नुसते अपुरे खाद्य देऊन ते तसे उमटले नाही.

उलट दिशेचा पुरावाही आहे. फ्रान्समधील लिआँ येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की अपुऱ्या आहारावरील पिल्लांमध्ये जीवाणू मुळीच नसतील तर वाढ अधिकच मागे पडते आणि लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम या जीवाणूचा एक विशिष्ट वाण दिला तर ती बरीच सावरते. वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाणही सुधारते. जीवाणू म्हणजे शत्रू, हे शाळेतील समीकरण येथे उपयोगी पडत नाही.

ढाक्याची वस्ती, कच्ची केळी आणि हरभरा

या संशोधनाचा उंदरापासून मुलापर्यंतचा सर्वांत पूर्ण प्रवास झाला तो आपल्या शेजारी, बांगलादेशात. ढाक्यातील मीरपूर या दाट वस्तीतील मुलांचा अभ्यास करताना तेथील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र आणि गॉर्डन यांच्या गटाला २०१४ मध्ये आढळले की निरोगी मुलाच्या आतड्यातील जीवाणूसमूह वयानुसार ठरावीक क्रमाने प्रौढ होत जातो आणि तीव्र कुपोषित मुलांत तो वयाच्या मानाने मागे राहतो. उपचारात्मक आहाराने वजन वाढले तरी ही अप्रौढता पूर्णपणे दूर होत नव्हती.

मग प्रश्न असा झाला की मागे पडलेल्या जीवाणूंना हवे ते खाद्य कोणते? येथे पुन्हा उंदीर कामी आला. मुलांच्या जीवाणूंची वस्ती असलेल्या जंतुमुक्त उंदरांवर आणि नंतर डुकराच्या पिल्लांवर स्थानिक अन्नपदार्थांची एकामागून एक परीक्षा झाली. त्यातून निवडले गेले हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि कच्ची केळी. यांचे ठरावीक मिश्रण २०१९ मध्ये ६३ मुलांवर महिनाभर अजमावण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या चाचणीत १२ ते १८ महिने वयाच्या सुमारे १२० मुलांना दोन गटांत विभागून तीन महिने एका गटाला हे मिश्रण आणि दुसऱ्याला प्रचलित तयार पूरक आहार दिला. मिश्रणात उष्मांक कमी होते. तरीही त्या गटातील मुलांचे वजन उंचीच्या व वयाच्या मानाने अधिक वेगाने सुधारले. उंचीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. हे वाक्य उत्साही वार्तांकनात बहुधा गळते. म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे.

उंदरावर विश्वास किती ठेवावा

सांख्यिकी शिकवणाऱ्याने या टप्प्यावर थांबून काही शंका विचारल्या पाहिजेत. पहिली शंका खुद्द प्रयोगशाळेतील उंदराबद्दल आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी दाखवून दिले की एकाच वंशाचे उंदीर दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेतले तर त्यांच्या आतड्यातील एका विशिष्ट प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींच्या संख्येत मोठी तफावत असते. कारण एवढेच की एका पुरवठादाराच्या उंदरांत धाग्यासारखा दिसणारा एक जीवाणू असतो आणि दुसऱ्याच्या नसतो. अर्थमिती शिकणाऱ्यांना हा समीकरणातून वगळलेल्या चलाचा दोष म्हणून लगेच ओळखू येईल. एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीत का उतरत नाही, याचे उत्तर पुष्कळदा उंदराच्या जनुकांत नसून त्याच्या विष्ठेत असते. या अडचणीवर उपाय म्हणून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील रसेल शेडलर यांनी १९६० च्या दशकात मोजक्या जीवाणूंचा प्रमाणित संच तयार केला होता. १९७८ मध्ये तो सुधारून आठ जीवाणूंचा करण्यात आला. तो अनेक ठिकाणी वापरात आला, पण आठ जीवाणू म्हणजे शेकडो जातींची खरी वस्ती नव्हे.

दुसरी अडचण उंदराच्या सवयीची. तो स्वतःची व सोबत्यांची विष्ठा खातो. त्यामुळे एका पिंजऱ्यातील सर्वांचे जीवाणू लवकरच सारखे होतात. २०१३ च्या एका प्रयोगात लठ्ठ व सडपातळ मानवी जुळ्यांचे जीवाणू दिलेले उंदीर एकत्र ठेवले, तेव्हा योग्य आहारावर सडपातळ व्यक्तीचे जीवाणू दुसऱ्या गटात शिरले आणि मेदवाढ रोखली गेली. प्रयोग म्हणून हे सुंदर आहे. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की एका पिंजऱ्यातील पाच उंदीर म्हणजे पाच स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. नमुन्याचा आकार पाच नसून एक आहे.

तिसरी शंका प्रकाशनाची. मानवी जीवाणू कृंतक प्राण्यांत सोडून केलेल्या ३८ अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३६ अभ्यासांनी माणसाचा विकार प्राण्यात उतरल्याचे म्हटले होते. ९५ टक्के यश पाहून समाधान वाटण्याऐवजी सावध व्हावे, असेच त्या आढाव्याच्या लेखकांनी सुचवले. दुसऱ्या बाजूला, लठ्ठ माणसांना सडपातळ दात्याचे जीवाणू देण्याच्या लहान चाचण्यांत वजन म्हणावे तसे घटलेले नाही.

शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे जुने वाक्य आता आकड्यांत मांडता येते. २०१५ मध्ये तयार झालेल्या सूचीनुसार उंदराच्या आतड्यातील जीवाणूंची केवळ ४ टक्के जनुके मानवी आतड्यातील जनुकांशी जुळतात. मात्र त्या जनुकांनी पार पाडायच्या कामांचा विचार केला तर साम्य सुमारे ९५ टक्के आहे. कामगार वेगळे, कारखान्यातील कामे बहुतांशी तीच. पहिला आकडा टीकाकार सांगतात, दुसरा समर्थक. विद्यार्थ्याने दोन्ही लक्षात ठेवावेत.

प्रयोगशाळेच्या अतिस्वच्छतेनेही फसगत होऊ शकते. २००६ मध्ये लंडन येथे प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या एका नव्या औषधाची चाचणी झाली. प्राण्यांमध्ये ते निर्धोक ठरले होते. मात्र ते घेतलेले सहाही स्वयंसेवक गंभीर आजारी पडले. २०१९ मध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेतील उंदरांचे भ्रूण रानटी उंदराच्या मादीच्या गर्भाशयात वाढवले. जन्मलेल्या पिल्लांची जनुके प्रयोगशाळेची होती, जीवाणू मात्र रानातले. त्याच प्रकारच्या औषधाला या पिल्लांनी नेहमीच्या उंदरांपेक्षा वेगळा आणि माणसाशी मिळताजुळता प्रतिसाद दिला.

आपल्या धोरणाशी संबंध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुरटलेली आणि १९.३ टक्के मुले उंचीच्या मानाने अति कृश आढळली. तिसऱ्या फेरीत (२००५-०६) हे आकडे अनुक्रमे ४८ व १९.८ टक्के होते. खुरटलेपणात घट झाली; कृशतेचा आकडा पंधरा वर्षांत जवळपास जागचा हलला नाही. याच विषयातील आणखी एक कोडे म्हणजे ग्रामीण भागातील दरडोई उष्मांक सेवन १९८३ मध्ये सुमारे २२४० होते, ते उत्पन्न वाढत असतानाही २००४-०५ पर्यंत सुमारे २०५० वर आले. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेज यांनी २००९ मध्ये या कोड्याची सविस्तर चर्चा करताना कष्टाची कामे कमी होणे व आरोग्याची परिस्थिती सुधारणे यांमुळे ऊर्जेची गरज घटली असण्याची शक्यता मांडली होती.

येथे पां. वा. सुखात्मे यांची आठवण अपरिहार्य आहे. एकाच व्यक्तीची उष्मांकांची गरज काळानुसार बदलते आणि शरीर ऊर्जेचा वापर कमीअधिक कार्यक्षमतेने करते, म्हणून सरासरी गरजेच्या खालचे सर्व लोक कुपोषित मोजणे चूक आहे, असे ते सांगत. मुलांच्या कुपोषणावर शुद्ध पाणी व स्वच्छता यांचा आग्रहही त्यांनी धरला. दांडेकरांशी झालेला त्यांचा वाद भारतीय अर्थशास्त्रातील अत्यंत वाचनीय वादांपैकी एक आहे. उंदरांवरील प्रयोगांनी सुखात्मे जिंकले काय? माझ्या मते नाही. अन्न आणि शरीर यांच्या मध्ये आणखी एक पायरी आहे, हे त्यांचे म्हणणे बळकट झाले. पण कमी अन्नाशी शरीर विनासायास जुळवून घेते, याला या प्रयोगांत आधार सापडत नाही. मलावीच्या उंदरांचे वजन घटले ते मक्याच्या आहारावर. जीवाणूंचे कारण पुढे करून पोषण आहारावरील तरतुदीला कात्री लावावी, असे कोणी सुचवले तर त्याला हाच प्रयोग दाखवावा.

स्वच्छतेच्या बाजूनेही हिशेब सरळ नाही. बांगलादेश व केनियात २०१८ मध्ये आणि झिम्बाब्वेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत शौचालये, हात धुण्याची सोय आणि पाण्याचे शुद्धीकरण पुरवूनही मुलांची उंची त्यामुळे वाढली नाही. पूरक आहाराने मात्र थोडी वाढली. अंगणात कोंबड्या, मातीत रांगणारे मूल आणि शेजारच्या घरातील सांडपाणी अशा परिस्थितीत एवढ्या मर्यादित सोयींनी जीवाणूंचा संपर्क पुरेसा घटला नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे आहे, परंतु अद्याप ते स्पष्टीकरणच आहे.

थेट जीवाणू देण्याचा सर्वांत मोठा भारतीय दाखला ओडिशातील आहे. तेथील १४९ गावांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरमचा एक वाण व त्याला पोषक अशी शर्करा एक आठवडा देण्यात आली. जंतुसंसर्गाने होणारा गंभीर आजार अथवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. लिआँच्या उंदरांना दिलेला जीवाणू याच जातीचा, मात्र वाण वेगळा होता आणि ओडिशातील प्रश्न वाढीचा नसून जगण्याचा होता. दोन्ही निष्कर्ष एकमेकांत मिसळू नयेत.

राहता राहिला अंगणवाडीचा प्रश्न. हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्ची केळी या चारही गोष्टी आपल्या बाजारात मिळतात आणि पहिल्या दोन तर अंगणवाडीतील आहाराला अपरिचित नाहीत. मीरपूरच्या मिश्रणात त्यांचे प्रमाण मात्र जीवाणूंच्या प्रतिसादावरून ठरवलेले होते, उष्मांक व प्रथिनांच्या बेरजेवरून नव्हे. पूरक आहाराचे आपले निकष आजवर या बेरजेच्या भाषेत लिहिले गेले आहेत. झारखंडच्या किंवा मेळघाटच्या मुलाच्या आतड्यातील जीवाणू मीरपूरच्या मुलासारखेच असतील, असे धरून चालता येणार नाही. ते आधी तपासावे लागेल, आणि त्या तपासणीचा खर्च आहाराच्या तरतुदीतून नव्हे तर संशोधनाच्या तरतुदीतून आला पाहिजे.